शिवकालीन पोशाख आणि हाताचा टाका



आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं सुईदोऱ्यात कशाला पडायचं? याचं उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच. सध्या एवढंच सांगतो, की 'खरं म्हणजे काय' हा तत्त्वज्ञानातला सगळ्यात जुना प्रश्न गेली काही वर्षं माझ्याकडे पुस्तकातून कमी आणि तरुण मुलांकडून जास्त येतो. मुलं येतात आणि विचारतात, "सर, शिवकाळात अंगरख्यावर खरंच असं काम असायचं का?" हातात मोबाइल, मोबाइलवर चित्र, चित्रात भगव्या सॅटिनचा अंगरखा आणि त्याच्या छातीवर मशीननं भरलेली राजमुद्रा.

या मुलांची थट्टा करायला मी उभा नाही. २०२३-२४ हे राज्याभिषेकाचं ३५० वं वर्ष होतं, तेव्हापासून गावोगावी हौशी मंडळं नुसती मिरवणूक काढून थांबत नाहीत. त्यांना पोशाख, शस्त्रं, दरबार, सगळं 'त्या काळचं' हवं असतं. युरोप-अमेरिकेत याला मोठी परंपरा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १९६६ साली काही हौशी लोकांनी मध्ययुगीन वेषात एक खेळ मांडला, त्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली. त्यांचे सभासद आज स्वतःचे झगे स्वतः शिवतात आणि त्यांवर महिनोन्‌महिने हातानं भरतकाम करतात. आपल्याकडे या प्रकाराला नेमका शब्द नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. गणेशोत्सवात आपण 'जिवंत देखावा' म्हणतो. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे 'सोंग' आहे. ललितात, भारुडात, गोंधळात सोंग आणायची रीत शेकडो वर्षांची. आपल्या जालन्यात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, त्यातला राजा हेही सोंगच, आणि ते शंभराहून अधिक वर्षं चाललंय. १९८५ पासून बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'नं हीच हौस शेकडो कलावंत, घोडे, हत्ती यांच्यासकट मैदानात आणली. म्हणजे इतिहास अंगावर घालून बघायची इच्छा आपल्याला कुणाकडून उसनी आणावी लागलेली नाही.

पोशाख मात्र उसना येतो, भाड्यानं. ड्रेपरीवाल्याकडून. ड्रेपरीवाल्याचा धंदा हा आपल्या नाट्यसंस्कृतीचा कणा आहे, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. एका अंगरख्यात त्याला या आठवड्यात तानाजी आणि पुढच्या आठवड्यात बाजीराव बसवायचा असतो. तो सॅटिन घेणार, वेलवेट घेणार, टिकल्यांची तयार पट्टी लावणार, पाठीमागे चेन किंवा वेल्क्रो लावणार. दहाव्या रांगेतून बघणाऱ्याला काय फरक पडतो? परदेशातल्या हौशी मंडळींतही असा एक दहा फुटांचा नियम आहे. दहा फुटांवरून खरं वाटलं की झालं.

प्रश्न असा आहे, की दहा फुटांच्या आत कोण असतं. तो वेष घालणारा स्वतः असतो. आणि शिवणारा असतो.

पण आधी पुरावा बघू. शिवकाळातल्या पोशाखाविषयी आपल्याला माहिती कुठून मिळते? दोन ठिकाणं महत्त्वाची आहेत, चित्रं आणि शब्द.

चित्रांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. एके काळी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जायचं ते इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच ग्रंथातलं खरं चित्र लोकांपुढे आणलं आणि तो घोळ मिटला. आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये महाराजांची चित्रं आहेत, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुचीनं मीर मुहम्मद या चित्रकाराकडून काढून घेतलेलं अश्वारूढ चित्र आहे. ही चित्रं दख्खनी किंवा मुघल वळणाची, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यांत आजच्या कॅलेंडरावरचा उंच जिरेटोप शोधू नका. गुंडाळलेलं पागोटं आहे, तुरा आहे, मोती आहेत. अंगात जामा आहे, तोही बंदांनी बांधलेला. मुघल अमदानीत जाम्याचे बंद हिंदूंनी डाव्या बगलेकडे आणि मुसलमानांनी उजव्या बगलेकडे बांधायची रीत होती. मागं चेन लावली की हा सगळा तपशील पुसला जातो. कमरेला पटका आहे, आणि त्या काळची दख्खनी चित्रं पंचवीस-तीस एकत्र ठेवून पाहिलीत तर लक्षात येईल, की नक्षीची मुख्य जागा पटक्याचे पदर ही आहे. पुढे लोंबणारे ते दोन पदर. बाकी कापड कितीदा तरी साधंच असतं, किंवा त्यावर सुटी फुलं असतात. छातीवर राजमुद्रा तर नाहीच नाही. राजमुद्रा कागदावर उमटवायची वस्तू. ती छातीवर घालायची कल्पना टी-शर्टावरून आलेली आहे.

आता शब्द. सभासद बखर १६९० च्या दशकातली, जिंजीला लिहिलेली. अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी काय घातलं हे सभासद सांगतो. जरीची कुडती, डोक्याला मंदील, पायात चोळणा. हे तीन शब्द नीट ऐका. कुडती म्हणजे आखूड. चोळणा म्हणजे मांड्यांशी आवळलेली तुमान. ज्याला पुढच्या घटकेत जिवाची बाजी लावायची आहे तो माणूस पायघोळ घेरदार झगा घालून जात नाही. आणि तरी कुडती जरीची आहे. भेट आहे ना, दरबारी रीत पाळायची आहे. लढाईची सोय आणि दरबाराचा मान दोन्ही त्या एका वस्त्रात आहेत. आपल्या देखाव्यात याच प्रसंगाला घोट्यापर्यंत आलेला अंगरखा असतो आणि नट पायऱ्या उतरताना एका हातानं तो वर धरतो.

शब्दांचा विषय निघाला म्हणून अबुल फजलचं नाव घेतो. जुन्या गॅझेटियरात त्यानं काही काळ जालन्यात मुक्काम केल्याची नोंद आहे, म्हणजे तसा तो आपला गाववालाच. त्याच्या 'आइने अकबरी'त वस्त्रांवर एक प्रकरण आहे, त्यात एक मजेशीर गोष्ट आहे. अकबरानं कपड्यांची नावंच बदलली. जाम्याला 'सर्बगाती' म्हणजे सगळं अंग झाकणारं, बुरख्याला 'चित्रगुपित', शालीला 'परमनरम'. फारसी दरबारात हिंदवी नावं! ती फारशी टिकली नाहीत, जामा जामाच राहिला. पण कपडा कापायच्या आधी त्याला नाव काय द्यायचं हा राज्यकर्त्यांचा विचार होता, एवढं त्यातून कळतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळात जरीचं काम म्हणजे नेमकं काय? इथे आपला फार गोंधळ होतो, आणि तो मराठवाड्यातल्या माणसानं तरी करू नये. पैठणी ही विणलेली. तिच्या पदरावरचा मोर मागावर जन्मतो, सुईनं नाही. हिमरू विणलेला, किनखाप विणलेला. मशरूही विणलेलाच, आणि त्याचं नाव फार बोलकं आहे. मशरू म्हणजे शरीयतनं परवानगी दिलेला. पुरुषानं अंगाला रेशीम लावू नये असा दंडक, म्हणून अंगाकडून सूत आणि बाहेरून रेशीम. धर्मशास्त्र आणि हौस यांच्यातली तडजोड एका कापडात विणली गेली. तर हे सगळं विणकाम. भरतकाम म्हणजे आधी तयार झालेल्या कापडावर सुईनं किंवा आरीनं केलेलं काम. त्याला फारसीतून आलेला आपला शब्द कशिदा, आणि जर-तारेचं असलं की जरदोजी किंवा कारचोबी. कारचोब म्हणजे ती लाकडी चौकट, जिच्यावर कापड ढोलासारखं ताणून बसवतात.

जरीची तार कशी होते ते सांगतो, कारण सगळं मर्म तिथं आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा चढवायचा. ती कांब लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत न्यायची, केसासारखी बारीक होईपर्यंत. मग ती ठोकून चपटी करायची. झाला बादला. हा बादला रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळायचा, झाला कलाबतू. सोनेरी कलाबतूला आतला दोरा पिवळा घेतात, रुपेरीला पांढरा, म्हणजे फटीतून दिसला तरी रंग मोडत नाही. आता हा कलाबतू साध्या दोऱ्यासारखा कापडातून आरपार ओढला तर काय होईल? धातू सोलून निघेल. म्हणून तो कापडावर फक्त निजवायचा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्यानं जागोजागी बांधायचा. सोनं सगळं वर राहतं, खाली जातो तो फक्त बांधायचा दोरा. काटकसर बघा. महागातली महाग वस्तू, तिचा गव्हाएवढा तुकडाही उलट्या बाजूला वाया जात नाही. दबका म्हणजे तारेची बारीक स्प्रिंग, ती कात्रीनं कापून मण्यासारखी ओवायची. नक्षीचा खाका कागदावर काढून रेघेवर सुईनं टोचे पाडायचे आणि वरून पुडीनं रंग फिरवायचा, की खाली कापडावर ठिपक्यांची रेघ उमटते. रांगोळीच्या छाप्यासारखंच.

हे काम मशीन करू शकत नाही का? मशीन दिसायला तसं करतं. पण मशीनला दोरा वरून खाली न्यावाच लागतो, त्यामुळे तिच्यासाठी जरीच बदलली. प्लास्टिकची आली. ती चमकते पण तिला वजन नाही. हाताची जरी कापड खाली ओढते. पटक्याचा पदर चालताना मागंपुढं हलतो तो त्या वजनानं. प्लास्टिकच्या जरीचा पदर वाऱ्यावर फडफडतो. आता तुम्हीच सांगा, दहा फुटांवरून दिसतं की नाही?

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. जरीचं सोंग आणता येतं, पण चाल लगेच सांगते.

हे झालं तंत्र. आता या कामाला त्या काळात अर्थ काय होता तो बघू, कारण माझ्या मते जिवंत देखाव्यांत सगळ्यात मोठी गफलत तिथं होते. आज आपण भरजरी कपड्याकडे श्रीमंती म्हणून बघतो. सतराव्या शतकात तो करारनामा होता. 'खिलत' हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थ आहे 'अंगातून काढणे'. राजानं स्वतःच्या अंगातून काढून दुसऱ्याला दिलेलं वस्त्र. ते अंगावर घेतलं की तुम्ही त्या राजाच्या अंगाचा भाग झालात, त्याची माणसं झालात. डोक्यापासून पायापर्यंत दिलं तर सिरपाव. आपल्या मराठीत तर अधिकारपदाचा पर्यायच 'वस्त्रे' असा झाला. बाजीरावांना एप्रिल १७२० मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली असंच आपण म्हणतो, नेमणूकपत्र मिळालं असं म्हणत नाही.

हे लक्षात ठेवून आग्र्याचा दरबार बघा. १२ मे १६६६, औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा दरबार. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, हा अपमान सगळ्या नाटकांत असतो. पण जयपूरच्या माणसांनी तेव्हाच लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत क्रम नीट दिलेला आहे. खिलती वाटायला सुरुवात झाली. शहजाद्यांना मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंगाला मिळाली. महाराजांना नाही. त्या क्षणी महाराज भडकले. नंतर समजूत घालून खिलत द्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी ती घालायला नकार दिला. आधी दिली नाही याचा राग, आणि मग दिली तेव्हा नको. हे परस्परविरोधी आहे का? अजिबात नाही. आदल्या वर्षी पुरंदरच्या तहानंतर बादशहाकडून फर्मान आणि खिलत आलेली होती, ती त्यांनी रीतीप्रमाणे स्वीकारलीही होती. कराराची भाषा त्यांना उत्तम येत होती. आग्र्यात करार पाळला गेला नाही, म्हणून त्यांनी तो फेडून टाकला. कपडा न घालणं हेच उत्तर होतं.

मग मला सांगा, आग्र्याच्या प्रसंगात सगळ्यात चांगलं भरतकाम कशावर हवं? महाराजांच्या अंगरख्यावर नव्हे. तबकात ठेवलेल्या खिलतीवर. ती इतकी भारी दिसली पाहिजे की बघणाऱ्याच्या मनात यावं, घ्यावी की! तिला नकार दिला जातो म्हणून तो नकार आहे. आपल्या देखाव्यांत तबकावर ब्लाउजपीस असतो.

आणि ६ जून १६७४ ला रायगडावर जे घडलं तेही या भाषेत वाचा. आता वस्त्रं देणारा हात बदलला. प्रधानांना, सरदारांना महाराज वस्त्रं देतात. छत्र आणि सिंहासन सगळ्यांना दिसतं. पण वस्त्र घेणारा माणूस झालेला वस्त्र देणारा, हा फरक देखाव्यात क्वचितच कुणी दाखवतं.

इथं मला माझ्या विषयातला एक माणूस आठवतो. कॉलिंगवुड, इंग्लंडचा तत्त्वज्ञ, आणि स्वतः उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञही. तो १९४३ साली गेला, त्याचं इतिहासविषयक मुख्य पुस्तक १९४६ ला आलं. त्याचं म्हणणं असं, की इतिहासकाराचं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा विचार स्वतःच्या मनात पुन्हा घडवणं. रोमन सम्राटाचा एखादा हुकूम वाचायचा तर सम्राटापुढे कोणती अडचण होती, कोणते मार्ग होते आणि त्यानं हाच का निवडला, हे सगळं आपण विचार करून पुन्हा चालून जायचं. फक्त विचार पुन्हा घडवता येतो, असं तो म्हणतो. त्या माणसाला वारा कसा लागला, भूक कशी लागली, हे नाही. संवेदना त्याच्याबरोबर गेल्या.

मग अंगरखा घालून उभं राहण्यात काय साधतं? कॉलिंगवुडच्या हिशेबात फारसं काही नाही. उकाडा जाणवेल, तो आपला उकाडा. पण टाका घालण्याचं काय? माझं मत असं, की टाका हा विचार आहे, फक्त तो हातानं केलेला आहे. कलाबतू उलट्या बाजूला जाऊ द्यायचा नाही, हा निर्णय आहे. त्याला कारण आहे. ते कारण आज कारचोबीवर बसलेल्या माणसाला बोटांत जसं कळतं, तसंच औरंगजेबाच्या कारखान्यातल्या माणसाला कळत होतं. बर्निए हा फ्रेंच वैद्य त्याच काळात दिल्लीला होता. किल्ल्यातल्या कारखान्यांची मोठी दालनं त्यानं पाहिली, एका दालनात उस्तादाच्या देखरेखीखाली कशिदा करणारे बसले होते असं तो लिहितो. त्या दालनात आपण जाऊ शकत नाही. त्यातला एक निर्णय मात्र पुन्हा, जसाच्या तसा, घेऊ शकतो. कॉलिंगवुडला हे मान्य झालं असतं का, यावर मी एका विद्यार्थिनीशी वर्षभर वाद घातला आहे. ती म्हणायची, सर, तुम्ही सवयीला विचार म्हणताय. तिचा मुद्दा हलका नव्हता. पण सवय असती तर कारागिराला नवा खाका देता आला नसता. नवा खाका समोर आला की तो थांबतो, बघतो, कुठून सुरुवात करायची ते ठरवतो. सवय अशी थांबत नाही.

हाताचं काम म्हणजे आपोआप खरं, असंही मात्र समजू नका. एक किस्सा सांगतो. फ्रान्समध्ये बायू या गावी अकराव्या शतकातलं एक भरतकाम आहे, सुमारे ७० मीटर लांब. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याची ती चित्रकथा. तागाच्या कापडावर लोकरीचा दोरा, आणि भरावाचा टाका कोणता? दोरा वर निजवायचा आणि दुसऱ्यानं बांधायचा. आपल्या कलाबतूचंच तत्त्व! तर १८८५-८६ मध्ये इंग्लंडच्या लीक या गावातल्या ३५ बायकांनी या सगळ्या कापडाची हुबेहूब नक्कल हातानं भरली. पुढाकार एलिझाबेथ वॉर्डल या बाईंचा. त्यांचे पती टॉमस वॉर्डल रेशीम रंगवणारे, आपल्या टसर रेशमावर त्यांनी पुष्कळ अभ्यास केलेला. काम अप्रतिम झालं. पण मूळ कापडाच्या काठावर काही नग्न आकृत्या आहेत. या बायकांना जी चित्रं नकलेसाठी मिळाली त्यांत कुणीतरी आधीच लाज झाकून ठेवली होती. त्यामुळे इंग्लंडच्या त्या प्रतीत अकराव्या शतकातला माणूस व्हिक्टोरियन चड्डी घालून उभा आहे. टाका खरा आणि चड्डी खोटी. आपल्याकडेही टाका हाताचा आणि छातीवर राजमुद्रा, असं होऊ शकतं.

पण त्या बायकांनी एक गोष्ट केली, ती माझ्या मनात राहिली आहे. प्रत्येकीनं आपण भरलेल्या भागाखाली स्वतःचं नाव टाक्यांत भरलं. त्यामुळे आज आपल्याला त्या नावानं माहीत आहेत. मूळ कापड कुणी भरलं, एकाचंही नाव नाही.

आता जालन्याकडे येऊ. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराजांनी जालनापूर लुटलं. त्यांच्या हयातीतली ही शेवटची मोठी स्वारी. परतताना संगमनेरजवळ मुघल फौजेनं गाठलं, मोठी लढाई झाली, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवलं, तोच विश्रामगड. हा प्रसंग आपल्याकडे देखाव्यात दाखवतात आणि दाखवावाच. त्यात आपण सगळे मावळे होतो. पण जरा विचार करा, त्या दिवशी आपले पूर्वज कुठे असतील? बरेचसे दुकानाच्या आत. जालनापूर लुटण्यासारखं होतं, कारण इथं पेठ होती, सोनंनाणं होतं, कापड होतं. 'जालना सोने का पालना' म्हणतात तो पाळणा कुणीतरी हलवत होतंच ना! त्या पेठेतला कोष्टी, रंगारी, जर विकणारा सावकार, कशिदा करणारा कारागीर, यांची सोंगं कुणी घेत नाही. त्यांत शौर्य नाही असं वाटत असेल. पण ज्या भरजरी कपड्यासाठी आपण एवढा आटापिटा करतो तो त्यांच्या हातचा होता.

त्यांच्यात हिंदू होते, मुसलमान होते. सुई-आरीच्या जरदोजीत तर मुसलमान कारागीर पुष्कळ, आजही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत झळकणाऱ्या हाताच्या कामाच्या अंगरख्यामागं लखनौ-बरेलीहून आलेला एखादा कारागीर मुंबईतल्या छोट्या खोलीत कारचोबीवर ओणवा बसलेला असतो. १६७४ सालीही चित्र फार वेगळं नसणार. इतिहास जिवंत करायचा म्हणणाऱ्यांनी हेही जिवंत असू द्यावं.

आणि आपल्याच जिल्ह्यात एक भरतकाम जिवंत आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतले बंजारा तांडे. त्या बायकांची कांचळी, फेटिया, त्यांवरचे आरसे, कवड्या, मोजून घातलेले टाके. आपण ते 'लोककला' म्हणून प्रदर्शनात ठेवतो आणि 'इतिहास' म्हणून अंगरखा शिवतो. हा भेद कुणी केला? मध्ययुगातली कुठलीही मोठी फौज बंजाऱ्यांच्या बैलांशिवाय हलत नव्हती. धान्य, मीठ त्यांच्याच पाठीवर. पुढे २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या भोकरदन तालुक्यात असईला वेलस्ली आणि मराठ्यांची लढाई झाली, तेव्हाही इंग्रजांच्या रसदीचा भार बंजाऱ्यांवर होता. म्हणजे लष्करी छावणीचा देखावा करायचा तर तिथं तांडा हवाच, आणि त्यासाठी पोशाखाचं संशोधन करायला पॅरिसला जायला नको, मंठ्याला गेलं तरी चालेल. फक्त जाताना फोटो काढून नक्कल करायला जाऊ नका. काम द्या, ठरलेले पैसे द्या.

कुणीतरी समर्थांचा वेष विचारला होता. समर्थांचं जांब आपल्या घनसावंगी तालुक्यातलं, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण त्या वेषाला जरदोजी लागत नाही, स्वस्तात काम होतं.

राहिला पैशाचा प्रश्न. अख्खा अंगरखा हातानं भरून घेणं कुठल्याही मंडळाला परवडणार नाही, आणि गरजही नाही. मघाशी चित्रांबद्दल बोललो ते आठवा. नक्षीची खरी जागा पटक्याचे पदर. म्हणून ज्या मंडळांनी विचारलं त्यांना मी हेच सुचवतो. जामा साधा, चांगल्या जाड सुती कापडाचा शिवा. मावळ्यांना तर भरतकाम नकोच, ती कष्टाची माणसं. बंद लावा, चेन लावू नका. कमरेला एकच चांगला पटका करा. रेशीम इथंच मिळेल, राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ २०१८ साली आपल्या जालन्यातच सुरू झाली आहे. पदरावर एका ओळीत पाच फुलझाडं, मध्ये मोकळी जागा. तेवढीच हाताची जरी. आणि दुसरी वस्तू, आग्र्याच्या तबकातली खिलत. तिची फक्त वरची घडी लोकांना दिसते, तेवढीच भरून घ्या.

एका मंडळानं पटका केलाही. मुलींनी घरी बसून केला. शाळेत साखळी टाका, काश्मिरी टाका शिकलेल्या आया आणि आज्यांनी आधी हात बसवून दिला, रुखवतासाठी शिकलेलं भरतकाम कामी आलं. मग एका कारागिराला बोलावून चार दिवस जरीचं शिकून घेतलं. पहिल्या फुलाची जर सगळी सोलली, तिसऱ्या फुलापासून जमू लागलं. पहिलं फूल उसवू नका असं मी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी ते तसंच ठेवलं आहे. त्या कारागिरानं जाताना एकच विचारलं, माझं नाव कुठं घालणार? मुली गप्प झाल्या, कारण ते कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता पटक्याच्या उलट्या बाजूला, अस्तराच्या आत, सात नावं आहेत. सहा देवनागरीत आणि एक त्यानं स्वतः उर्दूत भरलेलं. मिरवणुकीत ती कुणाला दिसत नाहीत. पटका धुवायला काढला की दिसतात.

प्रश्न असतील तर आता विचारा. माइक मागच्या रांगेकडे द्या आधी.